पाऊस तेराशे मिलिमीटर, तरी ऑक्टोबरात धान का वाळतो?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग म्हणजे आपली झाडीपट्टी. इथे वर्षाला साधारण 1,200 ते 1,500 मिमी पाऊस पडतो. अकोला-बुलढाण्याकडचा शेतकरी 700-800 मिमीवर भागवतो, त्याला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पावसाच्या जोडीला वैनगंगा आहे, तिच्या उपनद्या आहेत, हजारो तलाव आहेत, शिवाय गोसीखुर्दसारखं मोठं धरण आहे. आणि तरीही दसऱ्याच्या सुमारास नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, शेवटच्या टोकाच्या गावात गेलं की चहाच्या टपरीवर एकच विचारणा ऐकू येते: "नहराले पाणी कवा येते गा?"

एवढं पाणी असताना हा प्रश्न पडतोच कसा, हे समजून घ्यायचं तर आधी धानाच्या पिकाचं वेळापत्रक पाहावं लागतं. नदी, धरण आणि कालवे नंतर येतात.

धानाला पाणी लागतं ते कधी

थोडं माप सांगून ठेवतो, पुढे कामी येईल. एक हेक्टर रानावर 1 मिमी पाणी म्हणजे 10 घनमीटर, म्हणजेच 10 हजार लिटर. धरणाचं पाणी मोजतात ते दशलक्ष घनमीटरमध्ये. पेपरात त्याला दलघमी लिहितात. एक टीएमसी म्हणजे सुमारे 28.3 दलघमी.

आता खरिपाचा धान घ्या. चिखलणीला साधारण 200 मिमी पाणी जातं. रोवणी झाल्यावर झाड आणि उघडं पाणी मिळून दिवसाला 4-5 मिमी हवेत सोडतात. बांधीच्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या रानाच्या, तळातून झिरपून आणखी 3-5 मिमी जातं. भारी काळ्या जमिनीत हे झिरपणं कमी, रेताड जमिनीत कितीतरी जास्त. चार महिन्यांचा सगळा हिशेब केला तर 1,200 ते 1,400 मिमीच्या आसपास जातो. म्हणजे पडतो तेवढाच पाऊस आणि लागतं तेवढंच पाणी! कागदावर जमाखर्च जुळतो. रानात मात्र तो जुळत नाही, कारण पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये एकदम कोसळतो. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, उंचीएवढंच पाणी बांधीत थांबतं, बाकीचं नाल्याने वैनगंगेला जातं. आणि सप्टेंबर संपता संपता पाऊस काढता पाय घेतो.

नेमकी तीच वेळ भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाच्या पोटरीची असते. पोटरी म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी खोडात फुगते ती अवस्था. जूनमध्ये टाकलेले पऱ्हे (रोपं) जुलैत रोवले, तर 110-120 दिवसांचा हलका धान सप्टेंबरात निसवून ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येतो. 140-150 दिवसांचा भारी धान मात्र सप्टेंबरच्या शेवटी पोटरीत येतो, मग फुलोरा, मग दाण्यात दूध भरणं. हे सगळं ऑक्टोबरात चालतं. फुटवे फुटायच्या काळात आठ दिवस ताण पडला तरी झाड सावरतं. पोटरी ते फुलोरा या पंधरा-वीस दिवसांत जमिनीला भेगा पडल्या तर लोंब्या पोचट निघतात, आणि मग कितीही पाणी दिलं तरी दाणा परत येत नाही. म्हणून हस्त नक्षत्र बरसलं की झाडीपट्टीतला शेतकरी निर्धास्त होतो, आणि ते कोरडं गेलं की नहराकडे धावतो.

या नाजूक काळात साधारण दोन पाणी मिळाली, प्रत्येकी 75 मिमीची, तर पीक हाती येतं. दोन्ही मिळून 150 मिमी. वर्षभरात आभाळातून पडतं त्याच्या जेमतेम नववा-दहावा हिस्सा! वैनगंगा खोऱ्यातल्या खरिपाचं सिंचन या एका आकड्याभोवती फिरतं. वर्षाचं एकूण पाणी पुरतंच. अडतं ते ऑक्टोबरातल्या या 150 मिमीवर, आणि ते येणार की नाही हे वेळेवर कळण्यावर.

जुन्या लोकांनी याचं एक उत्तर जमिनीच्या उतारातच शोधलं होतं. उंचावरची बरडी आणि खरडी जमीन लवकर सुकते, तिथे हलका धान. मधल्या सिहार आणि मोरांड जमिनीत मध्यम मुदतीचा. खोलगट भागातल्या कन्हारीत, जिथे ओल सर्वांत उशिरापर्यंत टिकते, तिथे भारी धान. एकाच शेतकऱ्याच्या चार बांध्यांत तीन वाण असायचे. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेल्या 'एचएमटी'सारखे बारीक, बाजारात मागणी असलेले वाण आले आणि सगळीकडे तेच पेरलं जाऊ लागलं. वाण उत्तमच, त्यात वाद नाही. पण गावभर एकाच मुदतीचं पीक उभं राहिलं की पोटरीही एकाच आठवड्यात येते, आणि पाण्याची मागणीही.

तलाव कशासाठी बांधले होते

पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव, साडेसहा ते सात हजारांच्या घरात आहेत. बांधणारे कोण? गोंड राजवटीच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची चाल होती, आणि या कामात कोहळी समाजाचा हात सर्वांत मोठा. हे लोक तलाव आणि त्याखालचा ऊस यांसाठी ओळखले जात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आजही लोक कोलू पाटील कोहळीच्या नावानेच सांगतात.

या तलावांकडे पिकनिकच्या नजरेने पाहिलं तर त्यांचं खरं काम लक्षात येत नाही. एक साधा हिशेब करू. दहा हेक्टरवर पसरलेला, सरासरी दीड मीटर खोल पाणी असलेला तलाव. पाणी किती? दीड लाख घनमीटर. ऑक्टोबरची दोन पाणी द्यायला हेक्टरी 1,500 घनमीटर लागतं. म्हणजे एक थेंब वाया गेला नाही तर 100 हेक्टर. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन धरलं तरी साठ-सत्तर हेक्टर धान वाचतो. पंचवीस एकरांचा तलाव दीडशे-पावणेदोनशे एकर धान राखतो, आणि तोही पंप किंवा डिझेल न लावता.

तेवढ्याच तलावावर उन्हाळी धान घ्यायचा म्हटलं तर? उथळ तलावातून मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. महिन्याभरात फूटभर. तलाव उन्हाळी धानासाठी कधीच नव्हता. खरिपाचं शेवटचं पाणी, थोडा ऊस, गुरांचं पिणं, मासोळी, विहिरींना झिरपा, आणि पाणी हटेल तसतशी गाळपेर एवढी त्याची कामं.

रचनाही तशीच. माथ्याला जंगल, म्हणजे येणाऱ्या पाण्यात माती कमी. चिकणमातीची पाळ. पाळीच्या पोटात तुडूम, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर भोकं असलेली पाणी सोडण्याची सोय. वरचं भोक आधी उघडायचं, पाणी उतरलं की खालचं. जास्तीचं पाणी सांडव्यावरून बाहेर पडायचं ते सरळ नदीला न जाता खालच्या गावच्या तलावात किंवा एखाद्याच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. अशी तलावांची साखळी डोंगरपायथ्यापासून नदीपर्यंत उतरत गेलेली असे. वरच्या तलावाने रोखलेलं पाणी झिरपत झिरपत खालच्याला नोव्हेंबरपर्यंत मिळत राही.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारचे झाले. हे व्हायलाच हवं होतं. मालगुजाराच्या मर्जीवरचं पाणी कुणाला परत नको आहे. पण मालगुजाराबरोबर पाळीवर माती टाकण्याची दरवर्षीची सक्तीही गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशाने घेतली नाही. आता 100 हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे. त्यांच्या दुरुस्तीचा निधी इतका तुटपुंजा असतो की बहुतेक तलावांचा नंबर वर्षानुवर्षं लागत नाही. पोटात गाळ, बुडीत क्षेत्राच्या कडेला अतिक्रमणाच्या बांध्या, तुडूम तुंबलेलं. आणि बुडीत क्षेत्रात धान लावणारा माणूस तलाव पूर्ण भरूच देत नाही, कारण तलाव भरला की त्याचं पीक बुडतं. मग सांडवा फोडला जातो. गावातले सगळे जाणतात कोणी फोडला, बोलत कोणी नाही.

तलावातला अजून एक झगडा शेतीच्या लेखांत सहसा येत नाही. ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना तलावात पाणी टिकायला हवं असतं, धानवाल्यांना ते ऑक्टोबरात सोडायला हवं असतं. तळ खरवडून काढणारा जेसीबी खोली वाढवतो, पण देशी मासे ज्या पाणवनस्पतींत अंडी घालतात त्याही उपटून टाकतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर महिलांनी बेशरमाची झुडपं काढून तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. गाळ काढण्याची योजना आखणाऱ्यांनी आधी या बायांना दोन गोष्टी विचाराव्यात. तळाचा किती भाग खरवडायचा आणि किती सोडायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

गोसीखुर्दचं पाणी कुणाला किती पुरेल

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून वळसा घेत आपल्याकडे येते. बाघ, बावनथडी, सूर अशा नद्या तिला मिळतात, आणि आंभोऱ्याजवळ कन्हान येऊन मिळते. या कन्हानीत पेंच आहे आणि नागपूरचं सांडपाणी घेऊन आलेली नाग नदीही आहे. खाली चुलबंद, गाढवी, खोब्रागडी, कठाणी. मग चपराळ्याजवळ वर्धेशी संगम होऊन ती प्राणहिता होते आणि पुढे गोदावरीला मिळते.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात गोसीजवळ या नदीवर धरण आहे. भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाज होता सुमारे 372 कोटी. पुढे तो हजारो कोटींत गेला. मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. 33 दरवाजे, एकूण साठा 1,146 दलघमी, त्यातला वापरता येणारा म्हणजे उपयुक्त साठा 740 दलघमी. डावा कालवा लहान, 23 किमीचा. उजवा 99 किमीचा, तो थेट सावली तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावापर्यंत जातो. हा तलाव इंग्रजांच्या काळातला, 1917 च्या सुमाराचा; त्याची उंची वाढवून तो याच प्रकल्पात घेतला. शिवाय टेकेपार, आंभोरा, मोखाबर्डी, नेरला अशा उपसा योजना. सगळं मिळून अडीच लाख हेक्टर भिजेल असं ठरलं होतं.

अडीच लाख हेक्टर म्हणजे नेमकं काय, हे फार थोड्यांनी तपासलंय. आपणच बघू. कालव्यात सोडलेल्या पाण्यातलं निम्मं मुळापर्यंत पोचतं असं धरू. मातीच्या, फुटक्या चाऱ्यांचा (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटांचा) विचार केला तर हे उदार गृहीतक आहे. पिण्याचं पाणी, कारखाने आणि जलाशयावरचं बाष्पीभवन तूर्त बाजूला ठेवू.

ऑक्टोबरची दोन पाणी: हेक्टरी 1,500 घनमीटर, गळतीसह 3,000. 740 दलघमीत सुमारे 2 लाख 46 हजार हेक्टर भिजेल. अडीच लाखांच्या जवळपास!

हरभरा: 250 मिमी धरलं तर गळतीसह हेक्टरी 5,000 घनमीटर. सुमारे 1 लाख 48 हजार हेक्टर.

उन्हाळी धान: निदान 1,500 मिमी, गळतीसह हेक्टरी 30,000 घनमीटर. सुमारे 24 हजार 700 हेक्टर.

तेच धरण, तेवढंच पाणी. फक्त पीक बदललं की लाभार्थी दहापट कमी होतात. हा हिशेब ढोबळ आहे, खरं जलनियोजन यापेक्षा गुंतागुंतीचं असतं, पण दिशा यातून स्पष्ट दिसते. गोसीखुर्द हे मुळात खूप लोकांच्या धानाला थोडं पाणी वेळेवर देण्याचं साधन आहे. थोड्यांना भरपूर पाणी देण्यासाठी ते वापरलं की उरलेल्यांच्या वाट्याला कोरडी नहर येते.

मग शेतकरी उन्हाळी धान का लावतो? तो वेडा नाही. धानाला आधारभूत खरेदी केंद्र आहे. 2024-25 मध्ये साधारण धानाचा हमीभाव 2,300 रुपये क्विंटल होता, वर अनेकदा सरकारी बोनस. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण तो घ्यायला कोण येईल याची तशी खात्री नाही. त्यात पीक खाणारे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. बांधीत पाणी साचून राहत असेल आणि शेजारच्याने धान लावला असेल, तर मधल्याच बांधीत हरभरा लावणं शक्यही नसतं; शेजारचा झिरपा मुळं सडवतो. म्हणून "शेतकऱ्यांनी पीक बदलावं" असा उपदेश करण्यात अर्थ नाही. पीक बदलायचं तर एका चारीवरच्या सगळ्यांनी मिळून बदलावं लागतं, आणि कडधान्य विकत घेणारा काटा गावाजवळ हवा. जुन्या लोकांचा उपाय स्वस्तातला होता: धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळी किंवा जवस फेकायचा. उरलेल्या ओलीवर पीक, वेगळं पाणी नाहीच.

टेलवरचा माणूस

नहर ही वरून खाली वाहणारी गोष्ट आहे, त्यामुळे तिच्यावर पहिला हात वरच्याचा. धरणाजवळचा शेतकरी चारी फोडून पाणी घेतो, कारण पुढचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पुढची पाळी, कधी येईल याचा त्याला भरवसा नाही. आलंय तेव्हा धुऱ्याच्या काठापर्यंत भरून घ्या, हे त्याचं शहाणपण. भरवसा नाही म्हणून जास्त घ्यायचं, जास्त घेतलं म्हणून खाली पोचत नाही, खाली पोचत नाही म्हणून टेलवाला, म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, पाणीपट्टी भरत नाही, पट्टी जमत नाही म्हणून चारी दुरुस्त होत नाही. या चक्रात चोर कोण ते शोधत बसलात तर संध्याकाळ होईल.

याच्यावर कायद्यातला उपाय म्हणजे पाणीवापर संस्था. 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या संस्थेला पाणी मोजून द्यायचं आणि आत वाटायचं काम संस्थेने करायचं, अशी व्यवस्था आखली. वाटप आधी टेलला, मग वर, असा क्रम. मोजून दिलं की काटकसर कुणाच्या फायद्याची हे दिसतं. प्रत्यक्षात अनेक संस्था फलकापुरत्या उरल्या, कारण चारीच अर्धवट असेल तर मोजणार काय? तरी मला हा मार्ग योग्य वाटतो. ज्या गावात तलावाचं पाणी वाटायची जुनी सवय अजून शिल्लक आहे तिथे तो रुजेल. अशा गावांत पाणी वाटणारा माणूस गावाने ठरवलेला असे, त्याला मोबदला धानात मिळे आणि कुठल्या बांधीला आधी द्यायचं यात त्याचा शब्द अखेरचा. तो पोटरी बघायचा, सातबारा नाही.

गोसीखुर्दमध्ये आता उघड्या चाऱ्यांऐवजी बऱ्याच भागात जमिनीखालून बंद नळ टाकायचं धोरण आहे. फायदे उघड आहेत: जमीन जात नाही, गळती कमी, फोडाफोडी अवघड. पण धानवाल्याने एक प्रश्न जरूर विचारावा. रोवणीला आणि पोटरीला सगळ्यांना एकाच पंधरवड्यात पाणी लागतं. नळाचा व्यास त्या गर्दीच्या मागणीला धरून ठरवला आहे की वर्षाच्या सरासरीला? नळ अरुंद असला तर पाळी लांबते, आणि लांबलेली पाळी पोटरीला उपयोगाची नाही.

पाणी वाचवायची नळी

धानाच्या बांधीत सतत चार बोटं पाणी हवंच, हा समज खोल रुजलेला आहे. पाणी भरून ठेवण्याचा मोठा फायदा तण दाबण्याचा. रोपं जगवायला एवढं पाणी लागतंच असं नाही.

फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक साधी पद्धत रूढ केली. फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्यायचा, खालच्या निम्म्या भागाला भोकं पाडायची, आणि तो निम्मा भाग चिखलात रोवायचा. आतली माती काढून टाकायची. आता जमिनीखाली पाणी किती खोल गेलंय हे वरून डोकावून दिसतं. बांधी वरून सुकलेली दिसली तरी नळीत पाणी 15 सेंटीमीटर खाली जाईपर्यंत मुळांना ते मिळतं. त्याखाली गेलं की पुन्हा पाच सेंटीमीटर भरायचं. रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याचा काळ सोडून इतर वेळी हे करता येतं. पाण्यात साधारण 15 ते 30 टक्के बचत होते आणि उत्पन्न घटत नाही. सतत बुडालेल्या चिखलातून निघणारा मिथेन वायूही कमी होतो.

विहीर किंवा बोअर असलेल्याने हे उद्याच करावं. पंप कमी वेळ चालेल. रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला जाणं ब्रह्मपुरीच्या बाजूला काय असतं हे तिथल्यांना विचारा. वाघाच्या भीतीने दोघे-तिघे मिळून जातात. रात्रीची एक फेरी कमी झाली तरी तो फायदाच.

नहरवाल्याला मात्र ही नळी परवडत नाही. बांधी सुकू द्यायला धीर लागतो, आणि पुढचं पाणी अमुक तारखेला नक्की येणार हे माहीत असलं तरच तो धीर येतो. तारीख माहीत नसलेला शेतकरी पाणी भरूनच ठेवणार. म्हणजे लाखो हेक्टरवर पाणी वाचवायचं असेल तर त्याची पहिली पायरी पाइपाचा तुकडा नसून आवर्तनाचं छापील आणि पाळलं जाणारं वेळापत्रक आहे. तेही पऱ्हे टाकायच्या आधी, मे अखेरीस, कारण हलका धान की भारी धान हे शेतकरी जूनमध्येच ठरवतो. ऑक्टोबरात मिळालेली खात्री त्याच्या कामाची नाही.

पूर, आणि धरण रिकामं ठेवायचा पेच

ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस, सिवनीतल्या संजय सरोवराचा विसर्ग, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडलेले. भंडारा शहरात पाणी शिरलं, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडची नदीकाठची गावं वेढली गेली, रोवलेला धान गाळाखाली गेला.

धरण असताना पूर कसा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पुन्हा आकड्यात आहे. गोसीखुर्दच्या वर सुमारे 35 हजार चौरस किमी पाणलोट आहे. तेवढ्या क्षेत्रावरून नुसतं 100 मिमी पाणी वाहून आलं तरी ते 3,500 दलघमी होतं. धरण एकूण 1,146 चं, म्हणजे रिकामं असतं तरी तीनपट जास्त. अशा नदीवरचं हे धरण मोठा पूर गिळू शकत नाही, फार तर त्याची टोकं थोडी बोथट करू शकतं, आणि तेही वरून वेळेवर सूचना आली तर. लवकर भरून ठेवलं तर पुराची भीती, जागा ठेवली आणि हस्त कोरडा गेला तर ऑक्टोबरला साठा कमी. म्हणून कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची याचं कोष्टक असतं. ते पाळताना मध्य प्रदेशातल्या धरणांशी तासातासाचा संपर्क लागतो. मुख्य नदी तुडुंब असली की उपनद्या आणि नाले तिच्यात शिरू शकत नाहीत; पाणी उलटं फुगून नदीपासून लांब असलेल्या रानातही पसरतं. तिथल्या शेतकऱ्याला "पूररेषेबाहेर" म्हणून भरपाई नाकारली जाते तेव्हा हा फुगवटा पंचनाम्यात लिहून घ्यायला हवा.

आता पाणी पश्चिमेला

वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला राज्य सरकारने 2024 मध्ये मंजुरी दिली. गोसीखुर्दपासून बुलढाण्यातल्या नळगंगा धरणापर्यंत सुमारे 426 किमीचा कालवा, नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे 3.71 लाख हेक्टर सिंचन. दरवर्षी सुमारे 1,772 दलघमी पाणी वळवायचं आहे.

झाडीपट्टीत यावर दोन प्रतिक्रिया आहेत. आमचं पाणी चाललं, ही एक. तसंही समुद्रालाच जातं, ही दुसरी. दोन्ही अर्धवट आहेत. 1,772 हा आकडा गोसीखुर्दच्या 740 च्या उपयुक्त साठ्यापेक्षा दुपटीहून जास्त आहे, म्हणजे हे पाणी साठ्यातून नेणं शक्यच नाही. पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना ते उचलून पुढच्या साठ्यांत न्यावं लागेल. जुलै-ऑगस्टचं पुराचं पाणी नेलं तर इथल्या धानाचं काहीही बिघडत नाही, आणि खारपाणपट्ट्यातल्या (अकोला-बुलढाण्याकडच्या खाऱ्या भूजलाच्या भागातल्या) माणसाला गोड पाणी मिळालं तर त्याचं कुणालाही दुःख असू नये. पण पावसाने ओढ दिलेल्या वर्षी कालव्याची क्षमता भरून काढण्यासाठी पंप सप्टेंबर अखेरीसही चालू राहिले, तर ते पाणी थेट आपल्या पोटरीतून जाईल.

म्हणून या प्रकल्पाच्या जनसुनावणीला किंवा ग्रामसभेला जाल तेव्हा वर्षाच्या एकूण आकड्यावर समाधान मानू नका. महिनावार तक्ता मागा. त्यातल्या सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर या दोन रकान्यांवर बोट ठेवा, आणि विचारा की साठा अमुक पातळीखाली असेल तर त्या दिवसांत उपसा बंद राहील, हे मंजुरीच्या कागदात कुठे लिहिलं आहे.